चहा आला की लाल गोळी

निफाड तालुक्यात सुवर्णा बोराडे नावाची नर्सबाई होती. रजिस्टरमध्ये खाडाखोड तिला खपत नसे, आणि आपल्या गावच्या बायकांबद्दल कुणी वाकडं बोललेलं तर मुळीच नाही. बाई फटकळ, पण शब्दाची पक्की.

१९९९ साली नाशिकच्या गंगापूर रोडवरचे डॉ. शेखर एक संशोधन घेऊन आले. द्राक्षबागांत राबणाऱ्या बायकांच्या अंगात रक्त कमी. लोहाची लाल गोळी रोज दिली तर ते किती वाढतं, हे मोजायचं होतं. साठ जणी निवडल्या. त्यांना रोज गोळी घ्यायची सवय लावण्याचं काम सुवर्णाकडे आलं. श्रावणात सुरुवात झाली. दिवाळीनंतर बोटाला सुई टोचून तपासलं तर रक्त होतं तिथेच. जेमतेम आठ जणींचं वाढलेलं.

डॉक्टर माणूस भला, पण सगळं शहाणपण शहरातलं. ते म्हणाले, "सिस्टर, बायका गोळ्या उकिरड्यावर टाकताहेत. अहवालात तसंच लिहावं लागेल."

तसं लिहिलं असतं तर गोळ्या बंद झाल्या असत्या, आणि या बायका कागदोपत्री कायमच्या खोटारड्या ठरल्या असत्या.

"माझ्या बायका मला खोटं सांगत नाहीत," सुवर्णा म्हणाली. "आठ दिवस द्या. मग लिहा काय लिहायचं ते."

दुसऱ्या दिवशी ती बागेत जाऊन बसली. घडांची विरळणी चालू होती, हात वर करून करून बायकांचे खांदे भरून आलेले. दहाच्या सुमाराला चहाची किटली आली. टोळीची म्होरकी गोजराबाई, तिने हाक दिली. कमरेच्या पिशव्या सुटल्या, आणि एकजात सगळ्यांनी गोळी जिभेवर ठेवून वर चहाचा घोट घेतला. एकीनेही चुकवली नाही. सुवर्णाला आधी बरं वाटलं, आणि मग तिची नजर चहाच्या कपांवर गेली.

"चहाबरोबर घेता?"

"मंग?" गोजराबाई म्हणाली. "तुमीच सांगितलं ना बाई, चहा आला का गोळी घ्यायची, म्हंजे इसर पडत नाय. एक दिस खाडा नाय केला आमी."

खरंच तिनेच सांगितलं होतं. चहा कुणी विसरत नाही, म्हणून तिने ही युक्ती काढली आणि स्वतःवर खूशही झाली होती. चहामुळे लोह अंगी लागत नाही, हे तिने ट्रेनिंगला पाठ केलं होतं. परीक्षेत त्याचे मार्कही मिळवले होते. आता स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी असं तिला वाटलं.

तिने रजिस्टर उघडून त्या आठ जणी शोधल्या. आठही जणी एकाच बागेवर कामाला होत्या, आणि तिथला मालक इतका चिक्कू की चहाच देत नसे. त्या बायका रोज दुपारी जेवून तासाभराने पाण्याबरोबर गोळी घ्यायच्या.

गुपचूप वेळ बदलली असती तर कुणाला कळलंही नसतं. सुवर्णा मात्र दुपारच्या एसटीने नाशिकला गेली आणि डॉक्टरांसमोर उभी राहून म्हणाली, "चूक माझी आहे. बायकांनी मी सांगितलं तेच केलं."

त्या दिवसापासून किटलीची वेळ सुटली. गोळी दुपारी, चहा बाजूला ठेवून, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. मार्चमध्ये पुन्हा तपासलं, तेव्हा साठातल्या एक्कावन्न जणींचं रक्त वाढलेलं होतं.

डॉक्टरांनी अहवालात सभ्यपणे लिहिलं, 'सल्ल्यात काही त्रुटी राहिली.' सुवर्णाने ते खोडायला लावलं. नवं वाक्य तिने बागेत सगळ्यांना वाचून दाखवलं: 'आरोग्यसेविका सुवर्णा बोराडे यांनी चुकीची वेळ सांगितली. महिलांनी गोळी एकही दिवस चुकवली नाही.'

गोजराबाईने विचारलं, "तुमचं नाव घातलं त्यात?"

"घातलं."

"मंग आमचीबी घाला म्हणावं," गोजराबाई म्हणाली. "साठच्या साठ."