हिरड्याचे दोन आकडे

पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा मी पंचेचाळिशीत होते. नगरच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवत होते आणि विषय घेतला होता अकोले तालुक्यातल्या हिरड्याच्या व्यापाराचा. डोंगरातली माणसं हिरडा गोळा करतात, वाळवतात, राजूरच्या बाजारात विकतात. पुढे तो औषधांच्या कारखान्यांत जातो. या व्यापाराची माहिती दोनच सरकारी अहवालांत सापडली. वर्ष एकच, तालुका एकच, आणि एक आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट मोठा.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी प्रकरण परत दिलं. "यातला खरा कोणता ते आधी ठरवा," त्या म्हणाल्या. "तोवर पुढचं काही वाचणार नाही मी."

चार महिने मी त्या दोन आकड्यांमागे फिरले. इंटरनेटवर पाहावं तर तेच आकडे एकमेकांवरून उतरवलेले. सरकारी कार्यालयात विचारलं की उत्तर यायचं, "आमच्याकडे एवढंच आहे, मॅडम." नवरा म्हणाला, "कांद्यावर कर ना. कांद्याचे आकडे रोज मिळतात." मला राग आला, कारण त्याचं म्हणणं मला पटायला लागलं होतं.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी एसटीने राजूर गाठलं. एका व्यापाऱ्याच्या दुकानात बाकावर बसून मी मालाची आवक पाहत होते. साठीच्या एक मावशी पिशवी घेऊन आल्या. वजन झालं तशा त्या खट्टू झाल्या.

"डोंगरावरनं पोतं भरून आनला हुता," त्या मला म्हणाल्या. "वाळून एवढाच ऱ्हायला."

"इतका कमी होतो?"

"व्हय तर! लई आटतो. तुमी शिकलेल्या, तुमाला ठावं न्हाई?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. एका अहवालात ओला माल मोजला असेल आणि दुसऱ्यात वाळलेला, तर दोन्ही आकडे खरे ठरत होते! पण अंदाज प्रबंधात चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नगरच्या कार्यालयात गेले आणि मोठ्या आकड्याचा मूळ अहवाल मागितला. तिथल्या बाईंनी कपाटातून तो काढून दिला. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: वजन ओल्या मालाचे. माझ्या झेरॉक्समध्ये ती ओळच नव्हती. नगरमध्येच सावेडीतल्या एका दुकानात घाईघाईत प्रत काढून घेताना पानाचा तळ कापला गेला होता, आणि मी चार महिने त्या कापलेल्या पानाशी भांडत होते. मला हसू आवरेना.

"बरं वाटत नाही का, मॅडम? पाणी देऊ?" बाईंनी विचारलं.

"द्या," मी म्हटलं, आणि अख्खा तांब्या संपवला.

दुसरा अहवाल घरी होता. त्याच्या प्रस्तावनेत "वाळलेला हिरडा" असं स्वच्छ लिहिलेलं होतं; प्रस्तावना मी कधी वाचलीच नव्हती. पुढच्या बाजाराला जाऊन चार-पाच जणींचा ओला माल तोलून ठेवला आणि तो वाळल्यावर पुन्हा तोलून किती उरतो ते पाहिलं. त्या हिशेबाने दोन्ही आकडे अगदी जवळ आले.

मार्गदर्शक बाईंनी तक्ता दोनदा तपासला. "कसं शोधलंत तेही लिहा," त्या म्हणाल्या, "झेरॉक्ससकट." आणि प्रकरणावर सही केली. बाहेर पायऱ्यांवर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. कुठे जायची घाई नव्हती, कुणाला काही विचारायचं नव्हतं.