बाकड्याचं दुसरं टोक

रंगीत तालीम होती. माझ्या ओठावर मिशीची एक बाजू चिकटली होती, दुसरी अजून रंगवणाऱ्याच्या बोटांत होती, आणि तेवढ्यात आमचे शेजारी नाना दारात येऊन उभे राहिले. "चल रे. मधू गेला..." खुर्चीवरून उठलो तो थेट गिरगावच्या रस्त्यावर. लोक वळून बघत होते. मला वाटलं, माझ्या तोंडावरचं दुःख बघतायत. चाळीत पोचलो तेव्हा मधूची बायको, आमच्या वहिनी, पदर तोंडाशी धरून, रडता रडताच म्हणाल्या, "भावजी, मिशी..." मधू असता तर म्हणाला असता, "दुसरीकडे पण लाव रे जाड्या. एका अंगाला कलतोयस."

कारण कलणं हा त्याचा धंदाच होता. मधू सांताक्रूझच्या विमानतळावर नोकरीला. उतारूंची नि सामानाची वजनं घ्यायची, कुठली ट्रंक पुढच्या कप्प्यात, कुठली शेपटाकडं, कोणी कुठं बसायचं, हे सगळं तो ठरवायचा. चाळीच्या मते तो विमानातला कंडक्टर. संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीतल्या बाकड्यावर बसायचो. बाकड्याचे पाय बरेच आत ठोकलेले, त्यामुळं एका टोकाला मी असलो की दुसऱ्या टोकाला मधू हवाच. एकदा बोलता बोलता तो हळूच उठला आणि मी जमिनीवर! सगळी चाळ हसली. तो हसला नाही. "असंच होतं," म्हणाला. "मागं जड झालं की विमानाचं नाक वर जातं. वैमानिक दांडा पुढं रेटत राहतो... एका हद्दीनंतर नाक ऐकतच नाही. वेग मरतो. मग पडतं." संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा खालून निघाला की अख्खी चाळ कठड्याशी धावायची. हा एकटा मागं भिंतीला टेकून ओरडायचा, "अर्धे आत व्हा रे!" आम्ही त्याला भित्रा म्हणायचो.

अशात आमच्या नाटक मंडळीला बेळगावचं बोलावणं आलं. तिथल्या एका शौकीन व्यापाऱ्यानं चक्क विमानाची तिकिटं पाठवली. बेळगाव नुकतंच म्हैसूर राज्यात घातलेलं, त्यामुळं आम्ही प्रयोगाला नव्हे, मुलूख जिंकायला निघाल्यासारखे. गदा, मुकुट, पडदे, दिव्यांच्या पेट्या... बरंचसं ओझं मागच्या कप्प्यात गेलं, म्हणून मधूनं आम्हाला पुढच्या खुर्च्या दिल्या. "जाड्या, पुढं बस आणि हलू नकोस."

डाकोटा विमान जमिनीवर कुत्र्यासारखं शेपटीवर बसलेलं असतं. दार मागं. आत शिरलं की पुढं जायला चढण. आमचे अण्णा, मंडळीचे मालक नि सगळ्यांचे गुरू, देहानं भरभक्कम. चार पावलं चढले, धापा टाकायला लागले आणि मागच्याच एका खुर्चीत बसले. झालं! त्यांच्या पुढं बसायचं म्हणजे गुरूकडं पाठ करायची. कोण करणार? सगळी मंडळी त्यांच्या मागं, बाजूला, एका खुर्चीत दोघं, काही तर पायाशी. हवाई सुंदरी इंग्रजीत काहीतरी विनवत होती. आम्ही तिला पेढे दिले.

दार लागायच्या आधी मधूचं डोकं आत आलं. एरवी तो वर यायचा नाही. पण अण्णा उठले की सगळे उठतात, हे त्यानं खाली वजनकाट्याशी पाहिलं होतं आणि ते त्याच्या मनात खुपत राहिलं होतं. आत बघताच त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मी त्याच्या नजरेनं पाहिलं... वर चढत गेलेल्या रिकाम्या खुर्च्या, आणि तळाशी आम्ही, पेढे खात, हसत. मला ते बाकडं आठवलं.

"अण्णा, पुढं चला."

"मला उठवतोस? या वयात डोंगर चढवतोस?"

"विमान पडेल हो, अण्णा."

"शुभ बोल रे नाऱ्या! निघताना अपशकुन?"

मधूनं कपाळ पुसलं. बाहेर एक इंजिन घरघरायला लागलं होतं. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "बरं, बसा. पुढची मानाची जागा म्हैसूर सरकारच्या साहेबांना देतो. येतायतच."

"कुणाला?" अण्णा कडाडले. "माझ्यापुढं? माझ्याकडं पाठ करून?" आणि शाहिस्तेखानाच्या वाड्यात शिरावं तसे ते चढण चढून गेले. मागोमाग आम्ही. मधूनं एकेकाचा खांदा धरून बसवलं. मला शेवटी बसवून, मागच्या रिकाम्या खुर्च्या मोजत तो खाली उतरला. विमान धावलं, धावतच राहिलं, शेपूट काही उचलेना... असं मला तरी वाटलं. मग उचललं. बेळगावपर्यंत अण्णा विचारत होते, "तो साहेब कुठाय रे?"

हा किस्सा मी चाळीत नकला करून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. मधू म्हणायचा, "तू सांग हसवून. मला नुसतं दिसतं, मी वर आलो नसतो तर..." आणि तेव्हापासून बाकड्यावरून उठताना तो आधी बजावायचा, "उठतोय हं." मी मध्ये सरकेपर्यंत थांबायचा, मगच उठायचा. कितीही घाई असो.

तेराव्यानंतर सवयीनं चहाचा कप घेऊन मी माझ्या टोकाला बसलो. बाकडं उचललं गेलं, चहा सांडला, मी खाली. या खेपेला चाळीत कोणी हसलं नाही. आता मी मध्येच बसतो. उठताना मात्र आसपास कोणी नाही ना, ते पाहून घेतो आणि म्हणतो, "उठतोय हं..."