फेसच्या बाजारातला भरदुपारचा चकवा

मी सांगलीत रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब चालवते. सकाळपासून लोक माझ्यापुढे हात करतात, मी सुई टोचते आणि नळीत जे येतं तेवढंच खरं मानते. दर अमावस्येला दारात लिंबू-मिरची बांधणाऱ्या शेजारणीशी माझा यावरून वादही झालेला आहे. या सदरातले अनुभव मी चवीने वाचते, पण वाचून झालं की मनात एकच येतं – बाई दमली असेल, डोळा लागला असेल. आता माझा अनुभव वाचून तुम्हीही तेच म्हणाल. म्हणा खुशाल... मला कुणी तसं पटवून दिलं तर बरंच होईल.

माझे मिस्टर, प्रशांत, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहेत. कंपनीने त्यांना मोरोक्कोत पाठवलं होतं. सासूबाई गेल्यापासून माझे सासरे, म्हणजे आबा, वडूजजवळच्या गावी एकटेच राहतात. प्रशांतने हट्टच धरला की आबांना घेऊन ये, एकदा तरी विमानात बसू देत. आबांचं बालपण मेंढरांमागे गेलं. पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. पुढे शेती आली, मेंढरं गेली, पण चाल तीच राहिली. धोतर, पांढरा सदरा, टोपी – याच वेषात ते विमानतळावर उतरले.

आमच्यात बोलणं तसं बेताचंच. मी त्यांना 'अहो आबा' म्हणायचे, ते मला 'सूनबाई'. पाया पडताना आशीर्वादाला डोक्यावर हात, बाकी अंतर राखून. आमच्या घरात सासरा-सून असेच वागतात.

फेस हे तिकडचं फार जुनं शहर. जुन्या भागाला मोठी निळी वेस आहे आणि आत नुसत्या गल्ल्या. गाडी जात नाही, खेचरं जातात. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागावेत एवढ्या काही गल्ल्या अरुंद. तो शुक्रवार होता. प्रशांतची नव्या शहरात मीटिंग होती. त्याने आम्हाला वेशीपाशी सोडलं, म्हणाला, "इथेच जवळपास जेवून घ्या. फार आत जाऊ नका. मी काम आटपून येतोच."

मी आधी वाचून ठेवलं होतं की तिथे वाटाण्यासारख्या सुक्या बियांचं दाट सूप मिळतं, बिसारा म्हणतात त्याला. वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. आबा कित्येक वर्षं शाकाहारी, त्यामुळे त्यांना तेच चालण्यासारखं होतं. वेशीतून थोडं आत गेल्यावर एक खाणावळ दिसली. हिरव्या फरशीची भिंत, चार-सहा टेबलं, दाराशी मोठं मडकं. मालक पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा. आबांची टोपी बघून तो एकदम खूश झाला. "हिंद! हिंद!" म्हणत त्याने छातीवर हात ठेवला आणि आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं.

आबांना शुगर आहे. जेवणाआधी इन्सुलिन लागतं. मी त्यांना इंजेक्शनचं पेन दिलं, त्यांनी भिंतीकडे तोंड करून टोचून घेतलं. मालकाने गोल जाड रोट्या ठेवल्या, आपल्या भाकरीएवढ्याच. मग पुदिन्याचा गोड चहा आणला. किटली हातभर उंच धरून त्याने काचेच्या छोट्या ग्लासात धार सोडली, तसा ग्लासात फेस आला. आबा बघतच राहिले.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर मटणाचं भांडं आलं. आबांनी नाकाला उपरणं लावलं.

"सूनबाई, त्योच चमचा ह्यात आन् त्यात घालत असतील. मला न्हाई जायाचं घशाखाली. चल."

"अहो आबा, इन्सुलिन घेतलंय तुम्ही. निदान रोटी तरी..."

"फुडं बगू कायतरी. फळं बिळं."

ते उठलेच. मालकाने दोन्ही हात पसरून काहीतरी विचारलं. मी पैसे टेबलावर ठेवले, मान हलवून माफी मागितली आणि त्यांच्या मागे बाहेर आले. हे मला अगदी लख्ख आठवतं. खुर्ची सरकल्याचा आवाजसुद्धा.

बाहेर आल्यावर लक्षात आलं की दुकानं बंद आहेत. शुक्रवारची नमाज. मघा गजबजलेली गल्ली ओस पडली होती. नुसती मांजरं. म्हटलं वेशीकडे परत जाऊ, तिथे फळवाला असेल. आलो तशी डावीकडे वळले, उतार लागला, एक कमान, एक कारंजं... आणि समोर हिरव्या फरशीची भिंत. तीच खाणावळ.

मी हसले. गल्ल्या म्हटल्यावर असं होणारच. दारातून आत नजर गेली. मालक नव्हता, गिऱ्हाइकं नव्हती. आमच्या टेबलावर रोट्या तशाच होत्या आणि चहाच्या ग्लासांतून वाफ निघत होती.

"चला," मी म्हटलं, "उजवीकडून जाऊ."

उजवीकडून गेलो. ही गल्ली नक्की वेगळी होती, कारण ती रंगाऱ्यांची होती. वर लोकरीच्या लडी वाळत घातलेल्या, खाली दगडांतून निळं पाणी वाहत होतं. आबांच्या धोतराच्या काठाला ते लागलं. त्यांनी वर लोकरीकडे बघितलं, हाताने चाचपली, "चांगली हाय," म्हणाले. तिथून चढ, मग एक बोळ – इतका अरुंद की मला तिरकं होऊन जावं लागलं – आणि बोळ संपला तो हिरव्या भिंतीशी. दार उघडं. आत कुणी नाही. चहातून वाफ.

आता मला हसू आलं नाही. मोबाइल काढला. नकाशावर आमचा निळा ठिपका होता, पण तो हलतच नव्हता. मी चालून बघितलं, वळून बघितलं. ठिपका आपला जागच्या जागी. फोन लागेना. मी दिसेल ते दार ठोठावलं. जाड लाकडी दारं, लोखंडी कड्या. आतून पावलांचा आवाजसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या शहरात एकही माणूस दिसू नये? नमाज असली तरी बायका-पोरं घरात असतातच ना...

आबा थांबले होते. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "ह्यो चकवा हाय."

"आबा, असलं काही नसतं."

"आगं, रानात मेंढरं घिऊन हिंडलोय मी. कवा वाट चुकलो न्हाई. पर एकदा चकवा लागला हुता. असंच. फिरून फिरून त्येच झाड. चकवा लागला की चालायचं न्हाई. बसायचं गप." आणि ते तिथेच खाणावळीच्या पायरीवर बसले.

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. ओठ पांढरे, हात थरथरतायत, नजर माझ्यावर ठरत नाही. शुगर पडत होती. माझ्या पर्समध्ये नेहमी खडीसाखर असते. त्या दिवशी मी प्रवासाची छोटी पर्स घेतली होती.

"आबा, उठा. आत चहा आहे. गोड आहे. घ्यायलाच हवा."

"न्हाई." त्यांनी माझं मनगट पकडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. आता बोटं रुतत होती. "त्येला आपल्याला तितंच बशिवायचं हाय. म्हून तर फिरवतंय. त्यातलं काय बी तोंडाला लावू नगं. बसलो की सपलं बग, पोरी."

मला 'पोरी' ते पहिल्यांदा म्हणाले.

मी एकटीने मदत आणायला जावं असं क्षणभर वाटलं. पण मी परत याच जागी येईन कशावरून? आणि आले तर ते असतील कशावरून? खरं सांगते, त्या दारातून आत जायची मलाही भीती वाटत होती. रिकामी टेबलं, आणि इतका वेळ होऊनही न निवलेला तो चहा. लॅबमध्ये शुगर पडून बेशुद्ध झालेली माणसं मी बघितली आहेत. त्यांना किती वेळ मिळतो हे मला माहीत आहे. त्या क्षणी एवढंच ठरवलं की जे व्हायचं ते होवो, यांच्या पोटात साखर गेली पाहिजे.

त्यांना उठवलं. ते 'नगं, नगं' करत होते, पण अंगात जोर उरला नव्हता. खांद्याला धरून आत नेलं आणि मघाच्याच खुर्चीत बसवलं. ग्लास चटका बसेल एवढा गरम होता. फुंकर मारून त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी दात आवळले.

"आबा, माझ्यासाठी घ्या. मला इथून एकटीला बाहेर पडता येणार नाही."

त्यांनी तोंड उघडलं. एक घोट, मग दुसरा. रोटीचा तुकडा चहात बुडवून भरवला. लहान मुलासारखं खाल्लं त्यांनी. मीही मग माझा ग्लास उचलला. त्यांना एकट्याला ते प्यायला लावणं बरं वाटेना.

तो घोट गिळला आणि आवाज सुरू झाले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. चमच्यांचा आवाज, कुणाचं तरी हसणं, बाहेर खेचरवाल्याचं ओरडणं. टेबलं भरलेली होती. मटण खाणारे दोघे शेजारी होते तसेच होते. मालक आमच्या डोक्याशी उभा होता, घाबराघुबरा, एक हात आबांच्या खांद्यावर. तो सारखा देवाचं नाव घेत होता.

जरा वेळाने आबांच्या चेहऱ्यावर रंग आला. आम्ही उठलो. बाहेर पडून डावीकडे वळलो तर समोर निळी वेस, आणि वेशीखाली फोन कानाला लावून येरझाऱ्या घालणारा प्रशांत.

दुसऱ्या दिवशी त्या मालकाचे आभार मानावेत म्हणून आम्ही प्रशांतला आणि इंग्रजी बोलणाऱ्या ड्रायव्हरला, इद्रीसला, घेऊन गेलो. आबा गाडीतच थांबले. मालकाने मला ओळखलं. इद्रीसमार्फत मी म्हणाले, "काल आम्ही जेवणावरून उठून गेलो, रस्ता चुकलो, मग परत आलो..."

मालक गोंधळला. दोघं बराच वेळ बोलले. मग इद्रीस जरा चाचरत म्हणाला, "मॅडम, ते म्हणतात तुम्ही उठलाच नव्हता. चहा आल्यापासून तुम्ही दोघं इथेच बसून होता. जेवत नव्हता, हाकेला उत्तर देत नव्हता. म्हाताऱ्यांनी तुमचं मनगट धरलं होतं. चहा गार झाला की मालक नवा गरम ओतत होते. शेवटी ते कुणालातरी बोलवायला निघणार, तेवढ्यात तुम्ही ग्लास उचललात."

मला बसावं लागलं. त्याच खुर्चीत नाही, दुसऱ्या.

मालकाने अजून एक विचारलं. आम्ही दोघं अधूनमधून हळू आवाजात एकच शब्द म्हणत होतो, त्याचा अर्थ काय? त्याने तो म्हणून दाखवला. उच्चार वेगळा होता, पण कळला.

"चला... चला..."

परत आल्यावर ओळखीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, शुगर पडली की माणूस भ्रमात जातो. कबूल. पण ते आबांचं झालं. माझी शुगर कधीच पडत नाही. आणि दोघांनी एकच भ्रम बघायचा? त्या दिवशी हॉटेलवर चप्पल काढली तेव्हा माझ्या टाचेचा फोड फुटून रक्त आलेलं होतं. आबांचं धोतर मी स्वतः बेसिनमध्ये धुतलं, काठाचा निळा रंग काही केल्या निघाला नाही. खाणावळीतून उठलोच नाही, तर तो लागला कुठे? प्रशांत म्हणतो, येताना लागला असेल. येताना आम्ही त्या गल्लीत गेलोच नव्हतो.

गावी लोक आबांना विचारतात, कसा काय तो देश? आबा म्हणतात, "चा लय गोड असतोय." एवढंच. मीही कधी विषय काढला नाही.

गेल्या महिन्यात ते तपासणीसाठी सांगलीला आले होते. दुपारची वेळ, प्रशांत ऑफिसला, घरात आम्ही दोघंच. मी त्यांच्यापुढे जेवण वाढलं. त्यांनी घास मोडला आणि हात तसाच थांबला. खिडकीबाहेर रिक्षा गेली, खालच्या दुकानात कुणीतरी शटर वर ओढलं. ते ऐकत होते, एकेक आवाज निरखून घ्यावा तसे.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, आपन तितनं निगालो न्हवं?"

मी लगेच "हो आबा" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि जेवायला लागले.

मीही ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसले.