लॉजच्या चादरींना चिंचोक्याची खळ

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ एक लॉज होता. रांजणगावला कारखाने आले, तसे मशीन बसवायला येणारे साहेब लोक तिथं मुक्कामाला राहू लागले. खोल्यांत फुलाफुलांच्या टेरिकॉटच्या चादरी होत्या. तासाभरात वाळायच्या, इस्त्री लागायची नाही, डाग फुलांत लपायचे. मालकांच्या मते याहून चांगलं कापड देवानं निर्माणच केलं नव्हतं. उन्हाळ्यात मात्र त्यावर झोपणाऱ्याची पाठ घामानं चिकटायची आणि साहेब लोक सकाळी कुरकुरायचे.

मी तेव्हा जवळच्या निमोणे गावात घरी शिवणकाम करायचे. लॉजवर अभ्रे पोचवायला गेले आणि मालकांशी हुज्जत घालून बसले. सुती घ्या, पांढरं घ्या, म्हटलं. माझं तोंड कधीच गप्प बसलेलं नाही. मालक वैतागून म्हणाले, आठ खोल्यांपुरत्या चादरी करून दाखवा. पाहुण्यांना आवडल्या तर अख्ख्या लॉजचं काम तुमचं, नाहीतर पुण्याहून तयार टेरिकॉट आणतो. सोलापूरचं कापड रेल्वेनं दौंडला आलं, ते मी एसटीनं जाऊन घेऊन आले. पाण्यात भिजवून आधी आटवलं, मग कापलं. न आटवता शिवलं की सुती चादर पहिल्याच धुण्यात गादीला तोकडी पडते.

आमचे सासरे, आप्पा, ओसरीवर बसून हे बघायचे. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस. वर्षापूर्वी कळप विकला आणि तेव्हापासून त्यांचं बोलणंच आटलं. चादरी द्यायच्या दिवशी सकाळी माझे अभ्रे शिवायचे राहिले होते, म्हणून मी त्यांना म्हटलं, भाताची पेज गाळून ठेवलीय, चादरींना तेवढी खळ द्या. ते लगेच उठले.

पण ती पातळ पेज काही त्यांच्या मनाला येईना. घोंगड्याला चिंचोक्याची खळ द्यावी तर आप्पांनीच, असं गावात म्हणत. चिंचोक्याचं पीठ घरात होतंच. त्यांनी ते शिजवून दाट खळ केली आणि कुंच्यानं सोळाही चादरींना दोन्ही बाजूंनी चोपडली. मी बाहेर आले तेव्हा त्या दोरीवर पत्र्यासारख्या ताठ उभ्या होत्या, वर पिवळट झाक. शेजारी आप्पा कुंचा घेऊन इतके खुशीत उभे होते की मी चादरी तशाच उतरवून घड्या घालायला घेतल्या. दुपारची गाडी गाठायची होती, संध्याकाळी पाहुणे येणार होते. आप्पाही सोबत निघाले.

मालकांनी एक चादर गादीवर अंथरली आणि तिच्यावर बसले. चादर करकरली. हा काय प्रकार, त्यांनी विचारलं. मी खाली मान घालून म्हटलं, चूक झाली, खळ माझ्याकडून जास्त पडली.

दारातून आप्पा पुढं आले. म्हणाले, "तिची चूक न्हाई, मालक. म्या केलंय हे. पोरीनं शिवलंय झ्याक. मला पानी दावा, म्या धुऊन देतो."

मालकांनी मागची टाकी दाखवली. आप्पांनी धोतर खोचलं आणि टाकीपाशी एकेक चादर पायानं तुडवून, तीन-तीन पाण्यांतून काढली. मी हात लावायला गेले तर लावू दिला नाही. लॉजच्या स्वयंपाकघरातून मी पेज मागून आणली, ती मात्र त्यांनी मुकाट्यानं लावली. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर चादरी बघता बघता वाळल्या. मऊ, पांढऱ्या, हाताला गार. मालक हात फिरवून म्हणाले, पाहुण्यांना विचारायची गरजच नाही, बाकीच्या दहा खोल्यांचं माप उद्या घेऊन जा.

परतीच्या गाडीत मी ठरवलं होतं की आता चार शब्द ऐकवायचेच. इतकी वर्षं घरात आहे, सासरा म्हणून किती गप्प बसायचं? तोंड उघडणार, तेवढ्यात ते आपण होऊन माझ्याशी बोलले. वर्षभरात पहिल्यांदा.

"मेंढरं इकल्यापास्नं मला कुनी कामच सांगितलं न्हवतं, पोरी. तू सांगितलंस, आन् म्या जरा जास्तीच केलं."

मला तो माणूस त्या क्षणी माझ्या बापाइतका जवळचा वाटला. रागाचे चार शब्द मी गिळले आणि म्हटलं, "आप्पा, अजून वीस चादरी व्हायच्या हायेत. खळ तुम्हीच द्यायची."