कड्यातला निरोप

कुमुदताई वर्तक गेल्या हे मला नवव्या दिवशी कळलं. त्यांच्या भाचीनं कलकत्त्याहून केलेली तार माझ्या जुन्या पत्त्यावर गेली आणि तिथून फिरत फिरत पुण्याच्या घरी आली. तोवर तिचं पत्रही मागोमाग पोचलं. दोन्ही एकाच टपालात हाती पडली आणि मी नेमकं पत्र आधी फोडलं. त्यामुळे ‘मावशी फार आजारी, निघून या’ ही तार मी त्या गेल्याचं वाचून झाल्यावर वाचली... दोन निरोप एकमेकांच्या पुढेमागे झाले की काय होतं, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांच्याच बाबतीत हे व्हावं!

आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला आणि बी.एस्सी. झालेलाही पहिलाच. वडील सोलापूरकडच्या एका एकेरी मार्गावरच्या लहानशा स्टेशनात पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. हे मी कधी लपवलं नाही. उलट, न विचारता सांगायचो. बदली होऊन कलकत्त्याला गेलो तेव्हा एस्प्लनेडजवळच्या आमच्या मालवाहतुकीच्या कचेरीत नुकतंच मोठं गणकयंत्र बसलं होतं, आणि त्या खोलीवर कुमुदताईंचं राज्य होतं. जन्म कलकत्त्याचा, वडील तिथेच गणिताचे प्राध्यापक. तांताची सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, आणि जीभ तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “चहा खाणार?” मला हसू आलं. “ताई, चहा पितात.” “तुमच्याकडे पितात, इथे खातात. आणि तू मघाशी ‘हाय का’ म्हणालास, तेव्हा मी हसले?” नाव दत्ता, आणि तिकडे ते आडनाव असतं, त्यामुळे मला सगळे बंगालीच समजायचे. एकट्या ताईंना माझं गाव माझ्या बोलण्यात ऐकू यायचं, आणि त्यांना ते आवडायचं हे मला फार उशिरा समजलं.

त्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. यंत्राला वारंवार लागणारी कामं कशी करायची याच्या सूचना ताईंनी एकेकदा लिहून, भोकं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांत बांधून तिथे ठेवल्या होत्या. आम्ही त्याला लायब्ररी म्हणायचो. कुणीही नवं काम लिहिलं की त्यातले गठ्ठे आपल्या कामाला जोडायचे. त्यातला सगळ्यांत मोलाचा गठ्ठा होता रांगेचा. हावड्याच्या मालधक्क्यावरून कुठली वाघीण, म्हणजे मालाचा डबा, आली, कुठली सुटली याचे निरोप टेलिप्रिंटरवरून थेट यंत्रात यायचे. ताईंच्या सूचना त्यांना रांगेत उभं करायच्या, आणि रांगेच्या पुढच्या टोकाचा एकेक निरोप उचलून पुढच्या कामाला द्यायच्या. ताईंनी हा गठ्ठा शंभर वेळा तपासला होता. ताईंना न विचारता कपाटाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. कार्डाला बोटांचे डाग पडले तर त्या दोन दिवस बोलायच्या नाहीत.

अशात एका थंडीत बियाण्याच्या बटाट्याच्या दोन वाघिणी सापडेनात. यंत्राच्या हिशेबी त्या हावड्याला आल्याच नव्हत्या. प्रत्यक्षात सहा दिवसांनी आडबाजूच्या रुळावर उभ्या मिळाल्या, त्याही वासावरून. निरोप पाठवायचं काम हरिपदबाबूंचं होतं. टेलिप्रिंटरवर उभी हयात काढलेला माणूस, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्यांच्याकडच्या कागदाच्या गुंडाळीवर तो निरोप छापलेला होता. पण साहेब म्हणाले, तो मागाहून बसून टाइप केलेला आहे. यंत्र काही विसरत नाही. आठ दिवसांनी चौकशी, आणि मग निलंबन ठरलेलंच. हरिपदबाबू आमच्या दारात येऊन एकच वाक्य म्हणत राहिले, “दीदी, आमि पाठियेछि. मी पाठवला होता.”

मला त्यांचं खरं वाटलं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते. ते गेल्यावर मी म्हणालो, “विसरला असेल म्हातारा. आता पांघरूण घालतोय.” ताईंनी चष्मा काढला. “तुझ्या वडिलांना त्यांच्या साहेबानं असंच म्हटलं असतं, तर तू कुणाचं खरं मानलं असतंस, दत्ता?” दुसऱ्या दिवसापासून सलग तीन दिवस ताई सकाळी होडीनं हुगळी ओलांडून हावड्याला गेल्या आणि हरिपदबाबूंच्या शेजारी स्टुलावर बसल्या. त्यांनी पाठवलेला प्रत्येक निरोप घड्याळ पाहून वहीत टिपला. इकडे मी यंत्राला मिळालेले निरोप टिपत होतो. तिसऱ्या दिवशी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. हरिपदबाबूंनी पाठवलेले दोन निरोप आमच्याकडे नव्हते, आणि दोन्ही ऐन गर्दीच्या वेळचे होते.

ताईंनी कुठून तरी एक पाटी आणली, तीवर ७ लिहिलं आणि म्हणाल्या, “रांगेत सात निरोप आहेत. तू निरोप काढणारा, मी आत घालणारी. काढ एक. पण माझ्या सूचना जशा लिहिल्यात तसाच, सावकाश.” मी पाटी वाचली. सात. मनात एक वजा केला, सहा. पाटी पुसायला हात उचलला, तोच त्यांनी मला थांबवलं. “आत्ता नवा निरोप आला.” त्यांनी सातचे आठ केले. “हं, आता कर तुझं अर्धं राहिलेलं काम.” मी आठ पुसून माझे सहा लिहिले. हवे होते सात. नवा आलेला निरोप रांगेत होता, पण पाटीच्या लेखी नव्हता. पुढचा येणारा त्याच्याच जागेवर बसणार आणि तो पुसला जाणार. एकेक निरोप तपासला असता तर हे जन्मात दिसलं नसतं. ताईंनी शंभर वेळा एकेकच तर तपासला होता!

“म्हणजे हे... माझं आहे,” ताई म्हणाल्या. एवढंच. आवाज चढला नाही की पडला नाही.

उपाय मात्र माझ्या तोंडून निघाला, आणि याचा मला अजून अभिमान आहे. मी सांगितलं, आमच्याकडे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून वडील ड्रायव्हरच्या हाती एक मोठं कडं देतात. कड्याला कातडी पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. गोळा हाती नाही तर गाडी हलत नाही, आणि स्टेशनातल्या यंत्रातून एका वेळी गोळा एकच बाहेर निघतो. ताई ताडकन उठल्या. “अरे, मग पाटीला कडं दे ना! एकाचं लिहून पुरं होईस्तो दुसऱ्यानं दारात थांबायचं.” दोन दिवसांत त्यांनी गठ्ठा नव्यानं लिहिला. त्यानंतर गर्दी कितीही असो, निरोप हरवला नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावलं. मी फायली घेऊन मागे उभा होतो. साहेब म्हणाले, “मिस वर्तक, ‘यंत्रातला बिघाड’ असं लिहा. हरिपदही सुटेल, तुम्हीही सुटाल. विभागप्रमुखाची जागा भरायची आहे, ठाऊक आहे ना?” ताई म्हणाल्या, “यंत्र बिघडलेलं नव्हतं, सर. मी सांगितलं तसंच ते वागलं.” अहवालाचं पहिलं वाक्य त्यांनी लिहिलं, ‘दोष माझ्या सूचनांत होता, हरिपदबाबूंनी निरोप वेळेवर पाठवला होता.’ हरिपदबाबू सुटले. जागा दुसऱ्याला मिळाली. त्यावर ताई मला फक्त म्हणाल्या, “तोंड पाडून बसू नकोस. चहा खाऊ या.” हरिपदबाबू नव्या गुळाच्या संदेशांचा डबा घेऊन आले तेव्हा मात्र त्या त्यांच्यावरच डाफरल्या. “मी तुम्हाला आठ दिवस झोपू दिलं नाही, आणि मिठाई तुम्ही आणता?”

पुढच्या वर्षी वडील कलकत्त्याला आले, ते वेताचं कडं वळूनच. कातडी पिशवी आईनं शिवलेली. ताईंनी ते कपाटाशेजारी खिळ्याला अडकवलं आणि नियम केला. लायब्ररीत फेरफार करायचा तर आधी कडं खांद्यावर घ्यायचं. खिळा रिकामा दिसला तर थांबायचं. मोठमोठे इंजिनियर खांद्यावर कडं अडकवून त्या खोलीत वावरायचे, आणि कुणी हसलं की ताई म्हणायच्या, “हसा, पण रांगेत उभं राहून.”

परवा भाचीकडून पार्सल आलं. त्यात ते कडं. वेत काळपट झालाय. निवृत्त झालेले वडील आता माझ्याकडेच असतात. त्यांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि विचारलं, “पिशवीत काय हाय?” तिथे मी इतकी वर्षं ते खांद्यावर घेतलं, पण पिशवी उघडून पाहायचं मला सुचलं नव्हतं. “आरं, मोकळ्या पिशवीचं कडं कुनी देत न्हाई.” त्यांनीच बंद सोडला. आत एक कार्ड निघालं. त्यावर हरिपदबाबूंच्या गुंडाळीतला तो बटाट्याच्या वाघिणींचा निरोप कापून चिकटवला होता, आणि खाली ताईंचं बारीक अक्षर : ‘पोचला होता. हरवला माझ्याकडून. कु. व.’

मी ते वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी कार्ड पुन्हा पिशवीत घातलं, बंद आवळला आणि कडं माझ्या हातात दिलं. “बराबर हाय,” ते म्हणाले. “आता जाऊ द्या गाडी.”