भावोजींच्या मांड्यांची परीक्षा

साठीनंतर लेखणी हाती घेणाऱ्याने थेट वडीलधाऱ्यांचेच चित्र रेखाटायला बसावे, हा आगाऊपणा आहे याची मला पुरेपूर जाणीव आहे; वाचकांनी तो पदरात घ्यावा. परंतु माणसाची पारख त्याच्या मांडीच्या स्नायूंवरून करणारे गृहस्थ साऱ्या पुण्यात माझे भावोजी हे एकटेच, असे मी, एरवी कोणतेही विधान करायला कचरणारा मनुष्य, निःशंकपणे म्हणतो.

भावोजी महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवीत. स्नायूंत दोन जातींचे तंतू असतात, हे त्यांचे आवडते प्रकरण. मंद तंतूंचा जोर बेताचा, पण ते दिवसभर राबतात. जलद तंतू ताकद आणि वेग दोन्ही देतात, आणि लगेच दमतात. निवृत्तीनंतर त्यांनी या दोन खणांत सारी मनुष्यजात बसविली. कर्वेनगरमधील त्यांच्या सोसायटीचे चिटणीस मंद तंतूंचे, "दमणारही नाहीत आणि पोचणारही नाहीत." मंडईत एक भाजीवाली मेथीच्या जुड्या भिरकावत होती, तिला ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, आपण थाळीफेकीत जायला हवं होतं." ती म्हणाली, "काका, आधी तुम्ही पैसे फेका." माझ्या बहिणीला ते जलद तंतूंची म्हणत. ती गेली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एवढेच सांगितले, "जलद होती हो. लवकर दमली."

पुढे ते एकटेच राहू लागले. एका सकाळी आरामखुर्चीतून त्यांना उठताच येईना. शेवटी शेजाऱ्यांना हाक मारावी लागली. हे कळताच धायरीहून माझी भाची आली आणि तिने अट घातली, "बाबा, आईच्या वर्षश्राद्धाला जमिनीवर जेवायला बसा आणि कशाचाही आधार न घेता उठून दाखवा. नाहीतर हे घर बंद करून माझ्याकडे चला."

"अगं, रोज टेकडी चढतो मी."

"टेकडी मंद तंतूंवर चढता येते. म्हातारपणी आधी जलद तंतू वाळतात. उठायला ताकद लागते, तीही झटक्यात. तुम्हीच शिकवलंत ना?"

भावोजींनी अट कबूल केली.

श्राद्धाच्या दिवशी ते पाटावर बसले, मी शेजारी. आमच्याकडे सर्वांत ज्येष्ठ उठल्याखेरीज पंगत उठत नाही. त्यांनी खीर मागितली, पुन्हा मागितली, मग वडा, मग ताक. साऱ्यांचे हात वाळले. समोर उभी राहून भाची पाहत होती.

"बाबा, अजून काही वाढू?"

"नको." ते पुढे झुकले, बोटभर वर आले आणि खाली बसले. पुन्हा झुकले. मग शांतपणे म्हणाले, "मंद तंतू हजर आहेत. बाकीचे आलेच नाहीत." आणि डावा हात तिच्यापुढे केला. तिने तो धरून त्यांना उठविले. त्यानंतर पंगत उठली.

परवा धायरीला गेलो, तेव्हा ते बूट घालून खुर्चीत बसले होते. कुठे निघालात, असे विचारले, तर म्हणाले, "कुठे नाही." भाचीचे चुकले असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही, बरोबर होते असे म्हणण्याचेही होत नाही. तिच्या जागी आपण असता, तर काय केले असते?