तिसऱ्या वर्षाचा बहार

माझा भाऊ अमेरिकेहून आला की आमच्या ओसरीवर जत्रा भरते. चहा पिऊन झाला की कुणीतरी विषय काढतंच, "मंग, तिकडं पैशाची आयडिया काय असती?" कष्ट किती पडतात, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. आमच्या लोकांची पक्की समजूत आहे की अमेरिकेत गेलेल्या माणसाला कसलीतरी युक्ती सापडते, आणि माझा भाऊ चिक्कू असल्यामुळं ती सांगत नाही. मला त्या प्रश्नाचा रागच येतो. एकदा मीच बोलून गेले, "युक्ती हीच, की पहाटं उठायचं अन् दिवसभर सायबाचं ऐकून घ्यायचं." लोक हसले आणि पुन्हा त्याच्याच तोंडाकडं बघत बसले.

मी तीर्थपुरीच्या जवळच एका गावात राहते. शाळेत शिकवते, आणि शाळा सुटली की शेतात असते. माझं माहेर शेजारच्याच शिवारात, त्यामुळं भावाच्या वाटणीची जमीनही आम्हीच बघतो. तीन वर्षांपूर्वी त्यानं हौसेनं तिथं मोसंबी लावली. कलमं त्याच्या पैशांची, राखण आमची. पहिल्या उन्हाळ्यात एकेका रोपाला मी हंड्यानं पाणी घातलंय. त्यामुळं कागदावर बाग त्याची असली तरी माझ्या बोलण्यात कायम "माझी बाग" असंच येतं, आणि तोही मला कधी दुरुस्त करत नाही.

यंदा हिवाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली. दुरुस्तीला नव्या जालन्यात नेली, तिथं ती पडून राहिली. तेवढे दिवस झाडांना पाणी नाही. मोसंबीला फुलवायचं असलं की लोक मुद्दाम पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. आमच्या कोवळ्या झाडांना तो न देताच बसला. मोटार आली, पाणी सोडलं, आणि जानेवारीत सगळी बाग पांढरी झाली. वास असा की रस्त्यावरून जाणारे गाडी थांबवून बघायचे.

आता तिसऱ्या वर्षी आलेला बहार आमच्याकडं ठेवत नाहीत. झाडाचं खोड अजून मनगटाएवढं असतं. त्यानं फळ पोसलं तर ते स्वतः वाढत नाही, शेंडे वाळायला लागतात, आणि पुढं ज्या वयात त्यानं भरभरून द्यायचं त्या वयात ते बसतं, म्हणजे खचून फळ देईनासं होतं. म्हणून पहिली काही वर्षं फूल आलं तर झाडून टाकायचं, फळ धरलं तर हातानं खुडायचं. करताना जीव तुटतो, पण करतात सगळे.

मी भावाला फोनवर फुलं दाखवली आणि म्हटलं, उद्यापासून झाडायला घेते. तो घाईघाईनं म्हणाला, "नको अक्का, हात लावू नको. मी येऊन राह्यलो. आल्यावर बघू." मला वाटलं, फुलं डोळ्यांनी बघायची असतील. मी थांबले. फेब्रुवारीच्या शेवटी तो आला तेव्हा फुलं गळून गेली होती आणि फांद्यांवर बोराएवढी हिरवी फळं धरली होती.

या वेळी तो एकटाच आला होता. बायको आणि मुलगी तिकडंच. सकाळी दात घासतानाही त्याच्या मोबाइलवर एक अमेरिकन माणूस स्टेजवर फेऱ्या मारत ओरडत असायचा. काय म्हणतोय, विचारलं, तर म्हणाला, "झोपेत पैसे कमवायला शिका, न्हाई तर मरेपर्यंत राबत बसाल."

"मंग हा झोपायचं सोडून एवढा ओरडून का राह्यलाय?"

एरवी असल्या बोलण्यावर तो पोट धरून हसला असता. या वेळी त्यानं नुसता मोबाइल बंद केला.

बागेतून फिरताना मात्र तो तिकडचं बरंच सांगायचा. त्याच्या घराजवळच्या पेट्रोल पंपावर लॉटरीची खरवडायची तिकिटं मिळतात. भल्या सकाळी बांधकामावर निघालेली माणसं, अंगावर कामाचे कपडे, तिथं कॉफी घेतात आणि गाडीच्या टपावर तिकीट ठेवून नाण्यानं खरवडतात. लागलं नाही की चुरगाळून टाकतात आणि कामावर जातात. रोज. त्याच्या शेजारचा म्हातारा लोकांची छपरं नीट करून जन्मभर जगला, अजून शिडीवर चढतो. ऑफिसातल्या एका पोरानं कसल्या तरी कॉइनमध्ये पैसे टाकले आणि पस्तिशीत नोकरी सोडली. "अक्का, ऑफिसात रोज त्या पोराचंच नाव निघतं. छपरावाल्याचं कुणी काढत न्हाई." मी म्हटलं, आपल्याकडं तरी दुसरं काय चाललंय. पानटपरीवर पोरं मोबाइलवर पैसे लावून क्रिकेटच्या टीम बनवत बसलेली असतात, आणि त्यांचे बाप रानात.

मग एके दिवशी मोसंबीचा व्यापारी मोटारसायकलवरून आला. बांधावरूनच त्यानं बाग न्याहाळली आणि उक्ती देता का म्हणून विचारलं. म्हणजे झाडावरची सगळी फळं आहेत तशी एका सौद्यात. मी नको म्हणणार, तोवर भाऊ म्हणाला, "उद्या या. विचार करून सांगतो."

व्यापाऱ्याची पाठ वळली आणि माझं डोकं फिरलं. मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, "तिकडं राहून तुला बी त्या तिकिटाचा नाद लागला. तीन वर्सं कळ काढली, अजून दोन निघंनात व्हय? झाडं बसत्याल अशानं. आयतं पायजे तुला!" तो मान खाली घालून ऐकत राहिला. मोठ्या बहिणीचं ऐकून घ्यायची सवय त्याला लहानपणापासूनची. शेवटी एवढंच म्हणाला, "अक्का, माझी नोकरी गेली."

नोकरी डिसेंबरातच गेली होती. ऑफिसातल्या पुष्कळ लोकांना एकदम काढलं, त्यात हा. थोड्या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली तरच त्या देशात राहता येतं. त्याची मुदत संपत आली होती आणि काम मिळत नव्हतं. ज्या माणसाला मी कष्टाचा उपदेश करत होते तो गेली कित्येक वर्षं रात्री जागून काम करत आला होता, आणि त्या कष्टांनी त्याला ऐनवेळी धरून ठेवलं नव्हतं.

"परत यायचं दुःख न्हाई मला," तो म्हणाला. "पण लोकं म्हणतील हाकलून दिला. यंदा बाग उक्ती गेली, तर सांगता येईल की बाग सुरू झाली म्हणून आलो. तुझ्या हातात हाय. तू न्हाई म्हणलीस तर न्हाई."

मी त्याच्याजवळ बांधावर बसले.  मी आजवर समजत होते की झटपट पैशामागं लागणारा माणूस एक तर आळशी असतो नाही तर हावरट. माझा भाऊ दोन्ही नव्हता. पंपावर तिकीट खरवडणारा बांधकामावरचा माणूससुद्धा आळशी कसा म्हणायचा? तो कामावरच निघालेला असतो. फक्त नुसत्या कामानं आपलं भागेल, हा त्याचा भरवसा उडालेला असतो. भावाला पैशाची घाई नव्हतीच. त्याला लाज वाटत होती, आणि तीसुद्धा आमच्या ओसरीवर बसून युक्ती विचारणाऱ्यांची. मला त्या सगळ्यांचा संताप आला आणि भावाची फार माया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी यायच्या आधी मी त्याला सांगितलं, "देऊन टाक बाग."

तो माझ्याकडं बघत राहिला. "झाडं बसतील, काल तूच म्हणलीस ना?"

"बसतील."

"मंग?"

"झाडं दुसरी लावता येत्याल. भाऊ कुठून आणू?"

तो पहिल्या ओळीतल्या झाडाजवळ गेला, एक फांदी हातात धरून उभा राहिला. तेवढ्यात व्यापारी आला. गाडी लावली, खिशात हात घातला, इसार द्यायच्या तयारीनंच आला होता.

"बाग द्यायची न्हाई," भाऊ म्हणाला. "फळं खुडून टाकायचीत. दोन वर्सांनी या."

व्यापाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मीही त्याच्याइतकीच चकित झाले होते. मग त्यानं खिशातला हात बाहेर काढला आणि सौदा फिसकटला की माणसं जसं काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात तसं विचारलं, "पाव्हणे, मंग परत अमेरिकेला कधी निघणार?"

 हा माणूस गावोगाव बागा बघत फिरतो. त्याला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्याला कळतं. भावालाही ते ठाऊक होतं.

"जाणार न्हाई," तो म्हणाला. "नोकरी गेली माझी. बायको-पोरीला आणायला जाईन तेवढंच."

व्यापाऱ्यानं गाडी स्टँडवरून काढली. किक मारायच्या आधी पुन्हा एकदा सगळ्या बागेवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "बरं झालं. बागेला घरचं माणूस पायजेच व्हतं."

नोकरी गेल्यापासून माझ्या भावाला 'बरं झालं, आलास' असं कुणी म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही.